बाज निघाली दवाखान्याला

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला माझं कौतुक फार आवडतं. जिच्यावर माणसं झोपतात तिने मुकाट्याने पडून राहावं, असं सगळ्यांना वाटतं. मी मुकाट्याने पडून राहिलेही, पण झोपले मात्र नाही. आयुष्यभर मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. आज जरा तुम्ही माझं ऐका.

पांढरकवड्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या उकंडा सुताराच्या अंगणात माझा जन्म झाला. त्याने मला सागवानाचे पाय दिले, भक्कम चौकट दिली आणि मग स्वतःच वर चढून उड्या मारून पाहिल्या. मी कुरकुरलेसुद्धा नाही. त्याच्या बायकोने अंबाडीच्या दोऱ्या वळल्या आणि मला अशी घट्ट विणली की वर टाकलेला पैसा टणकन उडायचा. "हे बाज नातवंडायची नातवंडं पाहीन," असं म्हणून उकंडाने मला घनश्यामच्या हवाली केलं. घनश्याम म्हणजे गावातला एक मितभाषी शेतकरी. त्याची बायको बेबीताई मात्र त्याच्या वाटचंही बोलायची.

तेव्हा बेबीताईचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण तिची आई लग्नाआधीच वारली होती. माहेरी तिचं करायला कोणी उरलंच नव्हतं. म्हणून ती सासरीच बाळंत झाली, माझ्यावर. कळा असह्य झाल्या की ती माझी चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरायची. पहाटे मुलगी झाली, तिचं नाव निकिता. पुढे जो येईल त्याला बेबीताई सांगायची, "माही माय म्हणजे हे बाजच हाय." मला तेव्हा काय वाटलं हे मी शब्दांत सांगू शकत नाही. लाकूड फुगतं ते फक्त पाण्याने, असं ज्यांना वाटतं त्यांना काही ठाऊक नाही.

मग माझं नाव झालं. कोणाच्या घरी बाळंतपण आलं की मला बोलावणं यायचं. दोन माणसं मला डोक्यावर घेऊन गल्लीतून निघाली की लोक विचारायचे, "आज कोनाकडं?" बेबीताईकडे माझ्या पायांना हळदकुंकू लागे. तिची मैत्रीण कांताबाई बौद्धवाड्यात राहायची, तिच्याकडे माझ्या उशाशी मेणबत्ती लागे. मला दोन्ही आवडायचं. माझ्यावर बाळंत झालेली प्रत्येक बाई पुढे धडधाकट उठून कामाला लागली होती. खरं सांगायचं तर यात माझं कर्तृत्व किती आणि त्या बायकांचं किती, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि मीही कधी काढला नाही.

माझ्याबरोबर एक नियमही घरोघर फिरायचा. बारसं होईपर्यंत बाळंतिणीने बाज सोडायची नाही. न्हाणीपुरतं उतरायचं, पण घराबाहेर जमिनीला पाय लावायचा नाही, नाहीतर वारं लागतं. आणि तोपर्यंत बाजेवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही, कारण सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, असतो. हा नियम कोणी केला, मला माहीत नाही. पण बेबीताई तो पाळायची आणि गावाकडूनही पाळून घ्यायची. तिच्यापुढे भल्याभल्यांचं काही चालायचं नाही.

आता मी त्या वर्षाकडे येते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडला होता. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणत लोकांनी कापूस बाजारात न नेता घरातच भरून ठेवला होता. घनश्यामच्या घरी तर मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. दार उघडलं की तो बाहेर लोटायचा. सगळं घर शिंकायचं. आणि नेमकी त्याच हंगामात निकिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचं लग्न वणीच्या अंकुरशी झालं होतं, तो कोळशाच्या ट्रकवर होता. पोरगी मोठी गोड, हसरी आणि जिभेची तल्लख. मी तिला माझ्यावर जन्मताना पाहिलेलं, आता ती आई होणार म्हणून मला कोण आनंद झाला!

पण मला ठेवायचं कुठे? बाळंतिणीची खोली म्हणजे तीच मधली खोली, आणि ती तर कापसाने बळकावलेली. शेवटी मला समोरच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, मांडलं आणि जुनं लुगडं आडवं बांधून पडदा केला. पडद्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गावातली पुरुषमंडळी खर्रा चघळत कापसाच्या भावावर बोलत बसलेली. मित्रांनो, पडदा डोळ्यांना अडवतो. कानांना अडवणारं लुगडं अजून कोणी विणलेलं नाही.

गावातल्या दाईच्या हातून निकिता सुखरूप सुटली. मुलगी झाली, काळ्याभोर जावळाची. घरात साखर वाटली गेली, मीही दोन दाणे चाखले, कारण बेबीताईच्या हातून ते माझ्यावर सांडले होते. लोक बाळ पाहायला येऊ लागले. पडदा सरकवून आत यायचे, तडक पाळण्यापाशी जायचे, वाकायचे, नाक कोणासारखं आणि कान कोणासारखे यावर वाद घालायचे आणि जायचे. माझ्याकडे पाठ करून. मी रुसले होते, पण ते मानपानाचं. माझ्यावर निजलेल्या पोरीकडेही त्यांची पाठ आहे, हे माझ्या ध्यानात जरा उशिरा आलं.

पाचवी पुजली आणि त्यानंतर माझ्या दोऱ्यांना कळलं की काहीतरी बिनसलंय. निकिताचं अंग तापू लागलं. मधेच हुडहुडी भरायची आणि मी पायांपासून थरथरायचे. ती पोटाशी पाय घेऊन कुशीवर वळायची, दात आवळायची, आणि कोणी आलं की हसायची. ओटीपोटात दुखत होतं. त्याखेरीज आणखीही काही होतं, जे बायका फक्त बायकांपाशी बोलतात. ते ती बोलणार कशी? हाताच्या अंतरावर सासरगावाहून आलेले पाहुणे, वडील, काका, सगळे बसलेले. एकदा तिने आईला हळूच म्हटलं, "आई, मले बरं नाही वाटत." तेवढ्यात पडद्याबाहेरून कोणीतरी खाकरलं आणि तिने पुढचं गिळून टाकलं.

"दूध उतरून राह्यलं, पोरी," बेबीताई म्हणाली. "सगळ्यायले होते." आणि तिने डिंकाचा लाडू पुढे केला. बेबीताईचा लेकीवर जीव नव्हता असं समजू नका. तिचा जीव निकितात अडकलेला होता. पण तिचा माझ्यावर भरवसा होता आणि बाजेवर आहे तोवर लेकीला काही होणार नाही, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

नर्सबाई सायकलवरून आली. बाळाचं वजन केलं, खूश झाली. मग निकिताकडे वळून म्हणाली, "आणि तू कशी आहेस?" निकिताने तोंड उघडलं, पण उत्तर आलं तिच्या आईकडून. "एकदम बरी हाय, बाई. दुधाचा ताप हाय जरासा." नर्सबाई म्हणाली, "ताप राहिला तर लगेच दवाखान्यात आणा हं." बेबीताईने हो हो म्हटलं. सायकल गेली, ताप राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाई आली. ती आणि बेबीताई एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन या गावात आलेल्या, त्यामुळे एकमेकींना अरे ला कारे करायची त्यांची जुनी सवय. कांताबाई थेट वेचणीवरून आली होती, कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली. ती पाळण्यावरून पुढे गेली. पाळण्यात पाहिलंसुद्धा नाही! आली ती सरळ माझ्यावर बसली.

"अवं, बसली काय तू? सुवेर हाय ना!" बेबीताई किंचाळली.

"बसली. थकली मी," कांताबाई म्हणाली. तिचा हात माझ्या दोरीवर होता. तेवढ्यात निकिताला हुडहुडी भरली आणि मी थरथरले. कांताबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग निकिताकडे. "तुह्यं सांग, पोरी. लेकराचं मी मंग पाहीन."

निकिताचे डोळे पडद्याकडे गेले. कांताबाईला काय ते उमगलं. तिने लुगडं बाजूला सारून बाहेर हाक दिली, "घनश्यामभाऊ, उठा सगळे. आंगनात बसा जरा. अथी बाया बोलून राह्यल्या."

पुरुष उठले. खर्रा, गप्पा आणि कापसाचा भाव सगळं अंगणात गेलं. मग निकिता कांताबाईच्या कानाशी लागून बोलली आणि बोलता बोलता रडली. तिने काय सांगितलं ते मी ऐकलं, पण तुम्हाला सांगणार नाही. विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडणारी बाज मी नव्हे.

कांताबाई ताडकन उभी राहिली. "बेबे, पोरीले आत्ता पांढरकवड्याले न्या लागते."

"बारशाच्या आंधी?" बेबीताईचा चेहरा उतरला. "बाजीवरून उतरली अन् वारं लागलं त?"

"ताप त बाजीवरच आला ना!"

"ह्या बाजीवर आजपावतर कोन्या पोरीचं वाईट झालं काय? सांग ना, झालं काय?"

एरवी हे ऐकून मी ताठ झाले असते. त्या दिवशी मला माझ्या कौतुकाची पहिल्यांदा भीती वाटली. माझ्यावर एक पोर तापाने फणफणलेली आणि तिला अडवून धरणारी दुसरी कोणी नाही, माझी कीर्ती! मला ओरडून सांगावंसं वाटलं, बेबीताई, मी लाकूड आणि दोरी आहे, मला औषधातलं काही कळत नाही. पण बाजेचं ओरडणं म्हणजे कुरकुर, आणि ती कोणी मनावर घेत नाही.

दोघी मैत्रिणींचा आवाज चढत गेला. बाळ रडायला लागलं. आणि मग निकिता कोपरावर उठली. ओठ कोरडे पडले होते, तरी डोळ्यांत तिचा तो मिस्किलपणा होता.

"आई, तुह्यी बाज मी सोडत नाही. बारशापर्यंत उतरत नाही, मंग त झालं? मले बाजीसगट ने."

बेबीताई बोटांवर नियम मोजू लागली. नियमात कुठे फट सापडते का, हे ती शोधत होती. बाज सोडायची नाही, बरोबर. बाहेर जमिनीला पाय लावायचा नाही, बरोबर. पण बाजेने गावाबाहेर जायचं नाही, असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं!

अंगणातून घनश्याम बोलला. "हरिसिंगची ट्रॉली वावरातून आनलेल्या आपल्या कापसानं भरून उभी हाय. निम्मा कापूस उतरवला त बाज बसते."

इतकं लांब वाक्य त्याने लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारलं असावं. बेबीताई त्याच्याकडे बघतच राहिली. "अन् गचके बसले त?" तिने शेवटचं विचारलं.

"खाली कापूसच कापूस हाय, बाई," ट्रॅक्टरवाला हरिसिंग म्हणाला. "राजाच्या रानीलेबी अशी गादी भेटत नाही."

मग काय सांगू मित्रांनो, एकच धांदल उडाली! ट्रॉलीतून कापूस अंगणात ओतला गेला. मला निकितासकट चौघांनी उचललं, अलगद वर चढवलं आणि उरलेल्या कापसात रोवलं. चारी बाजूंनी पांढरा ढीग, मध्ये मी, माझ्यावर गोधडीत गुंडाळलेली निकिता. उशाशी बाळाला घेऊन बेबीताई, पायथ्याशी छत्री धरून कांताबाई. घनश्याम ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसला. सुवेर, विटाळ सगळं त्या गडबडीत कुठे राहिलं कोण जाणे, कारण एकमेकींना न चिकटता बसायला जागाच नव्हती.

मी तोवर गावाबाहेर गेले नव्हते. रस्ता काय असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. दोन्हीकडे पांढरी वावरं, वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून आमच्याकडे पाहत हात हलवायच्या. कोणी विचारायची, "बेबीताई, वरात कोनाची वं?" आणि तापातही निकिताला हसू फुटायचं. हमरस्त्याला लागलो तेव्हा चहाच्या टपरीवरून एका माणसाने सवयीने ओरडून विचारलं, "काय भाव लावता?" हरिसिंग मागे वळून म्हणाला, "हा माल विकाचा नाही!" कांताबाई इतकी हसली की छत्री उलटी झाली. बेबीताई हसत नव्हती. तिचा एक हात लेकीच्या कपाळावर होता आणि कपाळ तापलेलं होतं. ती हरिसिंगला सारखी म्हणत होती, "चाल ना बाबा, जरा लौकर चाल."

दवाखाना आला. मला उतरवून दारापर्यंत नेलं आणि तिथे आमची गाडी अडली. दार अरुंद आणि मी रुंद. निकिताला हिसका न बसू देता मला फिरवून पाहिलं, तिरपं नेऊन पाहिलं. माझा एक पाय चौकटीत असा फसला की मागेही जाईना नि पुढेही. शिपाई म्हणाला, "पेशंटला खाली उतरवा ना." बेबीताई त्याच्यावर खेकसली. मी जीव खाऊन आखडायचा प्रयत्न केला, पण सागवान कुठे आखडतं?

आतून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दारातच निकिताची नाडी पाहिली, पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हिला आत्ता आत घ्यायला हवं," एवढंच त्या म्हणाल्या.

बेबीताईने माझ्याकडे पाहिलं. तिची आई म्हणजे मी. तिच्या कळांत तिने धरलेली चौकट माझी. क्षणभर तिचा हात माझ्यावरून फिरला. मग तिने बाळ कांताबाईच्या ओटीत दिलं, पदर खोचला, आणि आपल्या लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या पोरीला तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं. माझ्यावर पाय ठेवून, मला ओलांडून ती आत गेली. जाताना डॉक्टरीणबाईंना बजावत होती, "तिचा पाय जमिनीले लागू देनार नाही मी, हो!"

"नका लागू देऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझी काहीच हरकत नाही."

निकिताला आतल्या लोखंडी खाटेवर ठेवलं. मला त्या खाटेचा हेवा वाटला, नाही असं नाही. रंग उडालेली, गंजलेली, बेरूप खाट. पण तिच्या डोक्याशी सलाईन लटकत होतं, आणि ते काही माझ्याकडे नव्हतं. अंगात जंतू पसरत चालले होते, वेळेवर आणली, असं डॉक्टरीणबाईंनी बेबीताईला बसवून समजावलं. ते ऐकून बेबीताई भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडली. कांताबाईने तिला रडू दिलं, मग चहा पाजला.

माझा पाय सोडवून मला आवारातल्या कडुनिंबाखाली ठेवलं होतं. वणीहून कोळशाने काळा झालेला अंकुर धावत आला, बायकोला आणि लेकीला डोळे भरून पाहून बाहेर आला आणि दमून माझ्यावर आडवा झाला. बेबीताईने त्याला तसाच उठवला. "जावईबापू, बाळंतिनीची बाज हाय थे!" बिचारा जमिनीवर झोपला. ताप उतरला त्या सकाळी निकिताने आतून पहिली मोठी हाक मारली, "आई, भूक लागली वं!" आणि ती हाक ऐकून घनश्याम माझ्या पायाशी बसला आणि माझ्या चौकटीवर डोकं टेकवून एकटाच हसत राहिला.

आम्ही वाजतगाजत घरी आलो. पोरीच्या जावळात अजून कापसाचे तंतू अडकलेले, म्हणून हरिसिंगने तिचं नाव 'सरकी' ठेवून टाकलं. बारशाला खरं नाव ठेवलं गेलं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

आणि बेबीताई? ती बदलली का, असं तुम्ही विचाराल. छे! ती होती तशीच राहिली. फक्त पुढच्याच बाळंतपणाला तिने नवा नियम सुरू केला, तोही असा की जणू पूर्वापार चालत आलाय. "बाज दवाखान्याले दाखवल्याबिगर बारसं करत नसतात," ती ठणकावून सांगायची. कोणी विचारलं, हे कधीपासून, तर डोळे वटारायची. झालं! पाचवी झाली की मला ट्रॉलीत चढवायचं, बाळंतिणीला माझ्यावर बसवायचं आणि निघायचं. कधी कधी हलगीसुद्धा असायची. डॉक्टरीणबाई आता बाहेर येऊन कडुनिंबाखालीच तपासायच्या. सपरीतला पडदा कायमचा गेला. घरात कितीही कापूस भरला तरी बाळंतिणीला आतली खोली मिळू लागली, आणि कापूस सपरीत येऊन बसला.

पुढे दिवस पालटले. बाळंतपणं दवाखान्यातच होऊ लागली, माझं बोलावणं कमी झालं. माझ्या दोऱ्या सैल पडल्या, माझ्यावर मिरच्या वाळू लागल्या, तूर वाळू लागली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? एकदा एक कोंबडी माझ्याखाली अंडं घालून गेली, तेवढाच काय तो विरंगुळा.

अशात कांताबाईची सून दीपा दवाखान्यातून बाळंत होऊन घरी आली. हौस म्हणून त्यांनी मला मिरच्या झटकून नेलं. एका दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना दीपा एकदम उठून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाली, "आत्याबाई, मले थंडी वाजून राह्यली. पोटात दुखते. मले दवाखान्यात जायचं हाय."

पाहुण्यांत चुळबुळ झाली. तिथेच बसलेली बेबीताई, आता केस पांढरे झालेली, लगबगीने उठली. "थांब पोरी, हरिसिंगले बलावते, ट्रॉली येऊ दे, बाज चढवू दे."

दीपाने तोवर चपला पायांत सरकवल्या होत्या. "राहू द्या, मावशी. मले पाय हायेत." बाळाला सासूकडे देऊन ती अंगण ओलांडून काळीपिवळी जीप थांबते त्या रस्त्याकडे चालू लागली. बाळाला घेऊन कांताबाई मागे. आणि क्षणभर थबकून बेबीताईही मागे, पदर सावरत, "हळू चाल वं, हळू," म्हणत. संध्याकाळी तिघी हसत परत आल्या, औषधाची पिशवी दीपाच्याच हातात होती.

मित्रांनो, त्या दुपारी मी रिकामी मागे राहिले, आणि माझ्या सगळ्या आयुष्यात मला तेवढा आनंद कधी झाला नाही.

तुमच्याही घरी, शेजारी कधी नवं बाळ येईल. तुम्ही धावत पाहायला जाल. जा, जरूर जा, नाक कोणासारखं तेही ठरवा. पण त्याआधी खाटेवरच्या बाईकडे वळा. आजूबाजूला पुरुष असतील, पाहुणे असतील, तर त्यांना थोडा वेळ अंगणात बसू द्या. तिला विचारा, तू कशी आहेस? आणि उत्तर तिचं तिलाच देऊ द्या.